अब्बांच्या हातचा रमजान

यंदा रमजान आणि परीक्षा पुन्हा एकत्र आल्या आहेत. मी शिकवते त्या शाळेत बोर्डाचं केंद्र आहे. सकाळी घरातून निघाले की उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या खडखडत समोरून येतात, कारखान्याच्या बाजूनं मळीचा आंबूस-गोड वास येतो, आणि वर्गात शिरलं की रोजा धरलेल्या पोरी लगेच ओळखू येतात. ओठ कोरडे, ओढणी नीट, बाकावर पाण्याची बाटली नाही. प्रश्नपत्रिका देताना मी त्यांच्याकडं बघून जरा हसते. भेटणाऱ्याकडं हसून बघणं हासुद्धा दानधर्मच आहे, असं नबीजींनी सांगितलंय. आणि पर्यवेक्षकाला परीक्षेच्या हॉलमध्ये याहून जास्त दान करायची परवानगी नाही.

असे दिवस आले की मला माझ्या पदवीचा शेवटचा उन्हाळा आठवतो. मे महिना होता. माजलगावच्या धरणाचं पाणी आटून पार मागं सरकलं होतं आणि मोकळ्या पडलेल्या गाळात लोकांनी लावलेली टरबुजं बाजारात ढिगानं येत होती. लाल फोडी, बर्फाची लादी, भिजवलेला सब्जा, तळणीचा वास. आणि या सगळ्यात माझे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर, तेही दुपारचे.

नबीजी म्हणजे आमचे प्रेषित, त्यांच्यावर सलाम असो. लहानपणी मला धर्म कुणी पुस्तकातून शिकवला नाही. तो हातापायांतून शिरला. पाणी बसून पी. एका दमात ढोसू नको, थांबत थांबत पी. उजव्या हातानं खा. आपल्यासमोरचं खा, दुसऱ्याच्या बाजूला हात घालू नको. चप्पल घालताना आधी उजवा पाय. रोजा खजुरानं सोड. 'का?' म्हणून विचारलं की उत्तर एकच: 'नबीजी असं करायचे.' त्यांच्या वागण्याची ही जी रीत, तिला सुन्नत म्हणतात. मोठी झाल्यावर कळलं, की कुराणात नमाज कायम करा असं आहे, पण उभं कसं राहायचं, वाकायचं कसं, कपाळ जमिनीला कधी टेकवायचं, हे सगळं त्यांना बघून बघून माणसांनी उचललं. पाहणाऱ्यानं दुसऱ्याला दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तशी ती रीत चालत चालत आमच्या गॅरेजमागच्या दोन खोल्यांपर्यंत आली. मला हे फार आवडतं. ज्याच्यावर माया असते त्याच्यासारखं चालावंसं वाटतं, त्याच्यासारखा घास घ्यावासा वाटतो. लहान मूल बापाची चप्पल पायात घालून अंगणभर फटक फटक फिरतं, त्यातलंच ते.

आमच्या घरात ही शिकवण देण्याचं काम फुपीकडं होतं. फुपी म्हणजे अब्बांची मोठी बहीण; अब्बा तिला आपा म्हणायचे. राहायची गेवराईजवळच्या खेड्यात, पण आम्ही कुठं डाव्या हातानं पेला उचलला तर तिला तिथं कळत असावं. तिचा लाडका नियम अन्नाचा. ताटात काहीही येवो, नाव ठेवायचं नाही. 'नबीजींनी कधी अन्नाला नाव ठेवलं न्हाई,' ती म्हणायची, आणि मी कारल्याचा घास तसाच गिळायची.

त्या वर्षी रमजानचा चाँद दिसायच्या आधल्या आठवड्यात अम्मी मोरीत घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. पार कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. मोठ्या बहिणीचं लग्न होऊन ती परभणीला गेलेली, तिला तान्हं मूल. घरात उरले मी, अम्मी आणि अब्बा. मदतीला म्हणून फुपी आली, पण तिचे गुडघे असे धरलेले की ओट्यापाशी उभं राहणं जमेना. पहिल्याच संध्याकाळी पलंगावर बसून तिनं निकाल दिला.

"पेपर काय, ऑक्टोबरला बी होतात. पोरगी घरात असताना महिनाभर चूल कोन बघल?"

ऑक्टोबर हा शब्द आमच्या मोहल्ल्यात मी फार वेळा ऐकला होता. माझ्याबरोबर दहावीच्या वर्गात असलेल्या किती जणी ऑक्टोबरला बसणार होत्या. कुणाच्या घरी आजारपण, कुणाकडं लग्न, कुणाची भावजय बाळंत. ऑक्टोबर दरसाल येऊन जायचा, त्या काही परत दिसायच्या नाहीत. आमच्या घराण्यात तोवर कुणी, बाई सोडा, बाप्याही कॉलेजची पायरी चढलेला नव्हता. मी मराठी विषय घेऊन शेवटच्या वर्षापर्यंत पोचले होते, आणि बैठक क्रमांक हातात असताना मला ऑक्टोबर दाखवला जात होता.

अम्मी म्हणाली, "मी एका हातानं करीन."

"हौ, अन् दुसरा बी मोडून घे," फुपी म्हणाली.

अब्बा ट्रॅक्टरचे मेकॅनिक. गावात सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. बोलण्यापेक्षा ऐकायची सवय. इंजिनाला कान लावून बसतात तसे माणसांपुढंही बसतात. दुसऱ्या दिवशी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजला गेले ते नेहमीपेक्षा उशिरा परतले. नंतर त्यांनीच सांगितलं. नमाजनंतर मौलाना साहेब नबीजींच्या घरातल्या वागण्याबद्दल बोलत होते. आपली चप्पल आपण सांधायचे, फाटलेल्या कपड्याला आपण टाका घालायचे, बकरीचं दूध काढायचे. त्यांच्या बीबींना, म्हणजे पत्नीला, कुणीतरी विचारलं, नबीजी घरी असताना काय करतात? तर त्या म्हणाल्या, घरातल्यांच्या कामात असतात, आणि अजान झाली की नमाजला जातात. लोक उठले तरी अब्बा बसून राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "मौलाना, घरातलं काम म्हंजे वरवरचं, का चुलीपोतर?"

मौलानांनी दाढीवरून हात फिरवला. "घरातल्यांच्या कामात असत, एवढं आपल्यापर्यंत आलंय. कुठपर्यंत, ते तुमच्या घरात बघा, कुठं नड आहे ती."

अब्बा घरी आले, गॅरेजच्या नळावर सोड्यानं हात घासले, मग लिंबाच्या सालीनं घासले, वास घेऊन बघितला, पुन्हा घासले. स्वयंपाकघरात येऊन अम्मीला म्हणाले, "पीठ कुठं असतं?"

लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेली बाई आणि तिचा नवरा एकमेकांकडं बघत होते, आणि पिठाचा डबा दोघांच्या मधोमध होता.

फुपी पलंगावरून ओरडली, "या अल्ला! मर्द मानूस परातीत हात घालतो? लोक हसतील रे!"

"हसू दे," अब्बा म्हणाले. "दाढी सुन्नत, टोपी सुन्नत, अत्तर सुन्नत. सगळ्या सोप्या सोप्या उचलल्या आपण, आपा. ही एक तशीच पडून हाय."

आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तू जा बेटा, वाच."

घरातली आमची बोली दखनी, तिच्यात मराठी आधीच कालवलेली. मी इथं ती मराठीत लिहिते आहे. पण त्या महिन्यात अब्बांनी स्वयंपाकघरात जी भाषा आणली ती दखनीही नव्हती, मराठीही नव्हती, ती गॅरेजची होती. गॅस मंद करायचा असला की "स्लो रनिंगवर ठेव." पीठ सैल झालं की "ग्रीस झालं ह्याचं." डाळ उतू गेली की "ओव्हर झाली, ओव्हर झाली!" त्यांची पहिली, भोकं पडलेली वेडीवाकडी चपाती हातात धरून अम्मी इतकी हसली, की प्लास्टरमधला हात दुखायला लागला. "हे कोन्च्या इंजिनचं गॅस्केट हो?" तिनं विचारलं. अब्बांनी चपाती उजेडाकडं धरून नीट बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, "जुन्या."

मी आतल्या खोलीत दारामागं वाचत असायची. पुस्तकात भाषाविज्ञान आणि कानात फोडणी. मिरची कडाईत पडली की तिकडून अब्बांची शिंक, इकडून माझी. अम्मी स्टुलावर बसून सांगायची, "आता जिरं. आता न्हाई हो, आता!" इतकी वर्षं ती त्या ओट्यापाशी एकटी उभी होती. आता बसून हुकूम सोडत होती आणि माझा बाप 'हौ, हौ' म्हणत होता. हात मोडलेल्या बाईच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी तरी कधी बघितला नव्हता.

घोटाळा होता मिठाचा.

अब्बा जन्मभर मीठ जास्त खाणारे. उन्हात लोखंडाशी झटून घाम गाळणारा माणूस. ताटात आणखी चिमूट घेतल्याशिवाय त्यांचा घास उतरत नसे. त्यांच्या हाताला जे बरोबर वाटायचं ते त्यांच्या जिभेलाही बरोबर लागायचं. बाकी आम्हा तिघींच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि रोज्यात दुपारी चाखून बघणार कोण? अम्मीही गोळ्या पहाटेच्या सहेरीला आणि रोजा सोडताना इफ्तारीला घेऊन हट्टानं रोजे धरत होती. म्हणजे मीठ पडलं की पडलं, कळायचं ते सूर्य बुडाल्यावर.

सांगायचं तर कुणी? पहिल्या दिवशी मी पहिला घास घेतला आणि फुपीकडं पाहिलं. फुपीनंही घास घेतला होता. तिचा चेहरा लाल झाला, मान ताठ झाली. जिला परातीत हात घालणारा भाऊ डोळ्यांसमोर नको होता, तिला बोलायची याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण अन्नाला नाव ठेवायचं नाही, हे तिनंच आम्हाला पाजलेलं. ती शांतपणे पाण्याचा पेला उचलून, बसून, थांबत थांबत प्यायली. मग दुसरा पेला प्यायली. अम्मीनं पदराआड तोंड लपवलं.

"कसं झालंय?" अब्बांनी विचारलं.

"अल्हम्दुलिल्लाह," फुपी म्हणाली. अल्लाचे आभार मानण्यापलीकडं ती जाऊ शकत नव्हती.

असं रोज चाललं. आम्ही पाणी पीत राहिलो, अब्बा खुश होत राहिले. आणि खुशीत त्यांनी एक दिवस जाहीर केलं, की या शुक्रवारची इफ्तारी आपल्याकडून. आमच्या मोहल्ल्यात तशी रीत आहे. एकेका घरानं सगळ्यांना जेवू घालायचं. गॅरेजपुढच्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरायच्या, मौलाना साहेबांना बोलवायचं, मशिदीतली सगळी मंडळी आणि अब्बांचे दोस्त किसनकाका.

फुपीला संधी मिळाली. "हे तरी पोरीला करू दे. घरच्या चार ताटांचं येगळं, हा इज्जतीचा सवाल हाय."

"त्या दिवशी तिचा पेपर हाय."

"मग देऊ नको म्हनावं एक पेपर."

"आपा," अब्बा म्हणाले, "एक पेपर सोडला तर डिग्री न्हाई भेटत. एक नट कमी असला तरी चाक निघतं." मग जरा थांबून म्हणाले, "शुक्रवारी माझं बिघडलं, तर पुढचे दोन पेपर तू म्हनशील तसं."

त्यांना बिचाऱ्यांना कुठं माहीत होतं, की त्यांचं रोजच बिघडत होतं. मला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण बाप सकाळपासून उपाशीपोटी ट्रॅक्टरखाली झोपून संध्याकाळी आपल्यासाठी चपात्या लाटतो, त्याला मीठ जास्त होतंय म्हणायला माझी जीभ उचलेना.

शुक्रवारी पेपर देऊन मी घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात चुलीवर शेजाऱ्यांकडून आणलेली मोठी देग, अब्बा घामानं चिंब, गळ्यात गॅरेजचा रुमाल. गहू आणि डाळींचा खिचडा केला होता, तोही बिनगोश्ताचा, कारण किसनकाकांच्या गळ्यात माळ. काका ऊसवाले शेतकरी, नारायणगडाला नेमानं जाणारे; त्यांचा जुना ट्रॅक्टर अब्बांनी इतक्यांदा उघडला होता, की तो निम्मा आमचाच होता. ते एका कोपऱ्यात मांडी घालून बसले, सगळ्यांबरोबर अजानची वाट बघत. दुपारपासून त्यांनीही काही खाल्लं नव्हतं. "तुमी उपाशी अन् मी ढेकर देत यावं, बरं दिसतं का?" असं त्यांचं म्हणणं.

आम्ही बायका दाराच्या पडद्याआडून बघत होतो. अजान झाली. खजूर झाला, टरबूज झालं, नमाज झाली. खिचड्याची ताटं फिरली.

पहिला घास सगळ्यांनी घेतला. आणि पन्नासेक माणसांची पंगत एकदम गप्प झाली. मौलाना साहेबांचा हात जागीच थांबला, मग त्यांनी सावकाश गिळलं. शेजारच्या फळवाल्या चाचांनी डोळे मिटले. पाण्याचा जग इकडून तिकडं फिरायला लागला. एक जण म्हणाला, "माशाअल्लाह." दुसऱ्यानं पाणी मागितलं. सगळे नबीजींची सुन्नत पाळत होते, आणि अब्बा खिचड्याचं पातेलं घेऊन फिरत होते, "घ्या, अजून घ्या!"

तेवढ्यात किसनकाकांनी घास घेतला. त्यांना कुणी फुपी नव्हती.

"आयला उस्ताद!" ते ओरडले. "मिठाचं पोतं फुटलं का बे ह्याच्यात? का जनावराचं चाटन टाकलंस?"

मग फळवाले चाचा फुटले. त्यांच्यामागं सगळी पंगत. माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती, कुणाला ठसका लागला, कुणी म्हणालं, "काकानं वाचवलं!" मौलाना साहेब टोपी सावरत डोळे पुसत होते. पडद्याआड अम्मी तर खालीच बसली.

अब्बा मात्र पातेलं हातात धरून उभे. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि विचारलं, "रोज असंच व्हायलं का?"

आम्ही तिघीही गप्प. ते उत्तर पुरेसं होतं. माझं सगळं हसू विरलं. दोन पेपर राहिले होते, आणि शब्द अब्बांनीच दिला होता.

"मौलाना," अब्बा सतरंजीवर टेकत म्हणाले, "अन्नाला नाव ठेवू नये, मान्य. पन मग रांधनाऱ्याला कळावं कसं?"

मौलाना साहेब हसू आवरून म्हणाले, "उस्ताद, नबीजी नाव ठेवत नसत; आवडलं तर खायचे, न आवडलं तर नुसतं ठेवून द्यायचे. आपण पहिलं निम्मं पाठ केलं. नाव ठेवणं वेगळं, आणि मायेनं सांगणं वेगळं. तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तीही सुन्नतच होती. आणि नड असेल तर रोज्यात जिभेच्या टोकाला लावून, थुंकून टाकता येतं."

"मी लावून काय उपेग? माझी जीभच बिघडलेली, अन् घरातल्या खरं सांगत न्हाईत." मग ते किसनकाकांकडं वळले. "तू पाच वाजता काय करतो?"

"म्हशी सोडतो. कावून?"

"उद्यापासून इकडून जायचं. मीठ बघायला."

"बघतो की. पन मला माळ हाय."

"मग ईदीपोतर आमच्या घरात गोश्त न्हाई शिजनार," अब्बा म्हणाले.

आता सगळा मोहल्ला पडद्याकडं बघत होता, कारण शर्त कुणाशी लागली होती ते एव्हाना सगळ्यांना माहीत झालेलं. मग पडद्याआडून तिचा आवाज आला, "रमजानमदी बिगर गोश्ताचं? क्या की माय, काय म्हनावं." आणि थोड्या वेळानं, "पोरगी, पुढचा पेपर कधी हाय तुजा?"

"सोमवारी."

"मग इथं काय हुबी ऱ्हायलीस तमाशा बघत? जा आत, वाच."

त्यानंतरचे दिवस मला सणासारखे आठवतात. पाचच्या सुमाराला किसनकाकांची चप्पल दाराशी वाजायची. "उस्ताद, टेष्टिंग!" अब्बा चमच्यात आमटी घेऊन बाहेर जायचे. काका डोळे मिटून चाखायचे, आकाशाकडं बघायचे आणि निकाल द्यायचे, "चिमूटभर पाहिजे," किंवा "जमलं." गुडघेदुखीची फुपी खुर्ची ओढून दारापाशी बसायला लागली. काकांनी वर आणखी हळद सांगितली की ती म्हणायची, "तुमाला मिठाचं इचारलंय, मिठाचं बोला." काका म्हणायचे, "आपा, चाखनारा मी हाय." दोघांचं रोज भांडण, रोज हसणं. आणि संध्याकाळी ताटात डाळ-भात, वांगं, मेथी, साधंच, पण असं चवदार, की फुपीनं एकदा न विचारता म्हटलं, "आज चांगलं झालंय." अन्नाला नाव ठेवायचं नाही म्हणता म्हणता बायकांच्या रांधण्याचं कौतुक करायचंही आम्ही विसरून गेलो होतो. अम्मीनं मान वर करून अब्बांकडं बघितलं. अब्बांनी ते ओळखलं असावं, कारण ते म्हणाले, "शिकवनारी चांगली भेटली."

मी उरलेले पेपर दिले. पास झाले. घरातली पहिली पदवी. फार मोठी गोष्ट नाही, लाखो जण होतात. पण माझ्या गुणपत्रिकेवर मला माझ्या नावाशेजारी जिऱ्याचा वास येतो.

कधी कधी कुणी विचारतं, चौदाशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पावलावर पाऊल ठेवून आजच्या काळात कसं चालणार? मी मोठ्या चर्चेत शिरत नाही, तेवढं माझं वाचन नाही. मला इतकंच माहीत आहे, की माझ्या बापानं एका संध्याकाळी तसं पाऊल टाकलं, ते स्वयंपाकघरात पडलं, आणि मला कॉलेजच्या दारापर्यंत वाट मिळाली. चप्पल सांधणाऱ्या त्या हातांची गोष्ट कुणीतरी सांगितली नसती, कुणीतरी ती जपून पुढं दिली नसती, तर माझा ऑक्टोबर झाला असता.

गेल्या आठवड्यात फुपीचा फोन आला. आता ती फार थकली आहे, आवाज मात्र तसाच. तिची नात यंदा बारावीला आहे, सायन्सला. सून भावजयीच्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "सलीमला पाठवते तुज्या बापाकडं. चार दिवसांत शिकवून परत पाठवा म्हनावं."

सलीमभाई तिचा मुलगा, त्या पोरीचा बाप, माल वाहणारा टेम्पो चालवतो, जाड मिशा, गावात दबदबा. काल ते आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून कांदा चिरत होते आणि अब्बा शेजारी उभे राहून सांगत होते, "बारीक, अजून बारीक. अन् बोट आत घे." मी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"काय करतो गं त्यो?" फुपीनं विचारलं.

"कांदा चिरतायत. डोळ्यांतून पाणी चाललंय नुसतं."

"रडू दे," फुपी म्हणाली. "पोरीचा परवा फिजिक्सचा पेपर हाय."